सुगडातला हंगाम

भोगी दोन-तीन दिवसांवर आली की शिरूरच्या आणि दौंडच्या बाजारात रस्त्याच्या कडेला गोणपाटावर सुगडांचे ढीग लागतात. काही लाल, काही काळी. घेणारी बाई ढिगातून एक उचलते, आत बोटं घालून तळ चाचपते आणि कडेवर पेर वाजवते. खणकन वाजलं तर बाजूला, बद्द वाजलं तर परत ढिगात. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींची हीच परीक्षा घेतल्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं! बाजारातल्या बाईला त्या कथेशी देणंघेणं नसतं. पिचलेलं सुगड पूजेला चालत नाही, एवढं तिला पुरतं.

पाच सुगडांचा एक खण. शेजारच्याच भाजीवाल्यांकडे खणात भरायचे वाटे मांडलेले असतात. त्यात बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, भुईमुगाच्या शेंगा आणि गव्हाच्या ओंब्या असतात. घरी नेल्यावर सुगडाच्या गळ्याला दोरा गुंडाळायचा, हळदीकुंकवाची बोटं ओढायची, पाटावर धान्य पसरून त्यावर खण मांडायचा, आत हा सगळा रानमेवा आणि वर तीळगूळ. पूजा झाली की एक देवापाशी, एक तुळशीपाशी आणि बाकीची सवाष्णींना. कुठे कोणतं आणि किती, ही रीत घरागणिक बदलते.

पाहुण्यापुढे काय ठेवायचं, कोणत्या भांड्यात ठेवायचं आणि कोणत्या ऋतूत ठेवायचं, या तीन प्रश्नांभोवती जपान्यांनी चहाचा एक समारंभ उभा केला आणि तो जगभर नावाजला गेला. तेच तीन प्रश्न भीमाकाठच्या घरांत दर जानेवारीत सोडवले जातात. फक्त त्याला कुणी कला म्हणत नाही. त्याला म्हणतात हळदीकुंकू. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर कुठे जुळतं त्यापेक्षा कुठे फारकत होते, ते जास्त बोलकं आहे.

सुगडातलं शिवार

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे, अवर्षणाच्या पट्ट्यातले तालुके. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असतो. म्हणून इथली जुनी शेती जिराईत: खरिपाला बाजरी, रब्बीला ज्वारी आणि हरभरा. त्यावर पुढे पाटाचं पाणी आलं. घोड नदीवर चिंचणीला धरण झालं, खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा हवेली आणि दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत गेला आणि पाणी पोचलं तिथे ऊस उभा राहिला. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला आणि दौंड तालुक्यात पाटसला साखर कारखाने निघाले. केडगावच्या आसपास गुऱ्हाळं वाढली.

आता सुगडात डोकावून पाहावं. घाटे कोरडवाहू रानातले, ऊस पाटाच्या पाण्याचा. बोरं कुणी पेरलेली नसतात. ती बांधावरच्या बोरीची. गाजर विहिरीवरच्या वाफ्यातलं. जिराईत, बागाईत आणि बांध, गावाच्या शिवारातलं सगळं मूठ-मूठ एका मडक्यात येतं. सातबाऱ्यावरची पीकपाहणी पूर्वी तलाठी करायचा, तशी ही बायकांनी केलेली पीकपाहणी म्हणायला हरकत नाही; आणि ती खोटी करता येत नाही, कारण जानेवारीपर्यंत जे रानातून आलं नाही ते सुगडात येऊच शकत नाही.

तीळगुळाचंही तसंच. तीळ खरिपात निघून घरात आलेले असतात. गुऱ्हाळं थंडीत जोरात असतात, त्यामुळे गूळ ताजा असतो. थंडीच्या दिवसांत तीळ आणि गूळ खावेत, बाजरीच्या भाकरीला तीळ लावावेत, लोण्याचा गोळा घ्यावा, भोगीच्या भाजीत मिळेल ती शेंग आणि मिळेल ते फळ घालावं, हे शहाणपण आधी स्वयंपाकघरातलं आहे. ‘गोड बोला’ हा त्याचा अर्थ नंतरचा.

मकर संक्रांत आपल्या सणांत वेगळी पडते तीही हंगामाशी असलेल्या या नात्यामुळे. बाकीचे बहुतेक सण तिथीवर चालतात आणि इंग्रजी तारखेत मागेपुढे होतात. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती दर वर्षी १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. पीकही सूर्यावरच चालतं. त्यामुळे सण एकीकडे आणि हंगाम दुसरीकडे, असं संक्रांतीचं सहसा होत नाही.

चाकावरून आव्यात

सुगड कुंभाराला स्वस्तात विकावं लागतं, म्हणून ते झरझर घडवावं लागतं. तळ्याची किंवा नदीकाठची गाळाची माती आणायची, खडे वेचायचे, भिजवायची आणि राख किंवा घोड्याची लीद मिसळून पायाने तुडवायची. लीद किंवा राख नसेल तर माती वाळताना आक्रसून तडकते. चाकावर एकच मोठा गोळा चढवतात आणि त्याच्या शेंड्यावर एकामागून एक सुगड उतरवत जातात. अंगठा आत, बोटं बाहेर, पोट फुगवलं, गळा आवळला, काठ वळवला, तळाशी दोरा फिरवून कापलं की एक झालं. मोठा माठ असेल तर आतून दगडी गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत पोट वाढवावं लागतं. सुगडाला एवढे लाड नाहीत.

मग आधी सावलीत आणि मग उन्हात वाळवणं. पौषातलं ऊन कोवळं, त्यामुळे घाई चालत नाही. ओल राहिलेलं मडकं भट्टीत फुटतं आणि फुटताना शेजारची चार घेऊन जातं. कुंभाराची भट्टी म्हणजे आवा. गोवऱ्या, पाचट, भुसा आणि मडकी यांचे थर देऊन वरून राख-मातीने लिंपतात. हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहाचा रंग उघडा पडतो आणि सुगड लाल भाजतं. हवा कोंडून धूर आतच जिरवला तर काजळी मातीत मुरते आणि तेच सुगड काळं निघतं. माती एकच, आवाही एकच. रंग ठरतो तो वाऱ्याला वाट दिली की नाही यावर.

कुंभाराच्या ओसरीवर बसलं तर पंचांगाची गरज पडत नाही. चैत्र-वैशाखात माठ आणि अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी पाण्याने भरायची करा-केळी. पोळ्याला मातीचे बैल. नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या आणि लक्ष्मीपूजनाची बोळकी. संक्रांतीला सुगडं, आणि रथसप्तमीला तुळशीपुढे गोवरीच्या विस्तवावर दूध उतू घालायचं बोळकं. मधल्या दिवसांत लग्नघरची मडकी. वर्षभराचा हा क्रम त्याच्या हातात बसलेला असतो.

क्योतोचा काळा वाडगा

जपानमध्ये चहाची पूड घुसळून पिण्याची चाल रुजवण्याचं श्रेय एइसाई या बौद्ध भिक्षूला देतात. तो ११९१ मध्ये चीनहून परतला. सुरुवातीला उमरावांचा चहा झगमगाटाचा होता आणि भांडी चिनी, महागडी. पंधराव्या शतकात मुराता जुको, त्यानंतर ताकेनो जोओ आणि शेवटी सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या तिघांनी तो उतरवत उतरवत एका लहानशा, गवताच्या चटया घातलेल्या खोलीत आणून बसवला. रिक्यूने उभारल्याचं मानलं जाणारं ‘ताइआन’ हे चहाघर दोन चटयांचं आहे.

या खोलीत जी अवजारं येतात, ती प्रत्येक पाहुण्याच्या डोळ्यांदेखत पुसली जातात. लोखंडी किटलीत पाणी उकळत असतं. बांबूच्या लांब दांड्याच्या पळीने ते काढतात. लाखेच्या डबीत हिरव्या चहाची पूड असते, ती बांबूच्याच वाकवलेल्या पट्टीने घेतात. घुसळणी मात्र पाहण्यासारखी: बांबूचं एकच पेर चिरत चिरत त्याचे केसासारखे शंभराच्या आसपास दाते काढलेले असतात. नारा प्रांतातलं ताकायामा हे गाव याच कामावर नावारूपाला आलं. चहा झाला की वाडगा पाहुण्यापुढे ठेवतात, त्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे करून. पाहुणा तो उचलतो आणि पिण्याआधी थोडा फिरवतो, म्हणजे त्या दर्शनी बाजूला ओठ लागत नाहीत. पिऊन झाल्यावर वाडगा हातात घेऊन न्याहाळायचा, तळ पाहायचा आणि कुणी घडवला ते विचारायचं, हा शिष्टाचारच आहे. आपल्याकडे पाहुण्याने पेला उलटा करून पाहिला तर घरचे कल्हई नीट झाली नाही का म्हणून चपापतील.

रिक्यूच्या मनाजोगता वाडगा चोजिरो नावाच्या कारागिराने घडवला. त्याचा कौलं करणाऱ्या कारागिरांशी संबंध होता. त्याने चाक वापरलंच नाही; गोळा हातांनीच दाबून-उचलून, कोरून वाडगा केला. त्याच्या वाडग्यांचे मुख्य रंग दोन, लाल आणि काळा. त्यातला काळा धुराचा नव्हे. कामो नदीकाठचे दगड दळून केलेला झिलईचा लेप देतात, भट्टीतून निखाऱ्यासारखा तापलेला वाडगा चिमट्याने बाहेर ओढतात आणि एकदम गार होऊ देतात. या घराण्याला ‘राकू’ हे नाव मिळालं आणि क्योतोत आज त्यांची सोळावी पिढी वाडगे घडवते आहे.

त्याहून चकित करणारी गोष्ट किझाएमोन नावाच्या वाडग्याची. तो कोरियातून आलेला, सोळाव्या शतकातला. अंगावर भेगांची जाळी, तळाशी झिलईचे गोळे. लोककलांचा अभ्यासक यानागी सोएत्सु याने १९३१ मध्ये तो हातात घेऊन पाहिला आणि लिहिलं, की हा एखाद्या गरीब घरातला साधा जेवणाचा वाडगा असावा. कुंभाराने सौंदर्याचा विचार न करता घडवला, म्हणूनच तो सुंदर आहे. आज क्योतोच्या दाइतोकुजी मठातला हा वाडगा जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे.

हंगाम कोण ठरवतं

चहाच्या खोलीत ऋतू सतत बोलत असतो. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत खोदलेल्या चौकोनी चुलीत निखारे असतात, पाहुण्यांना ऊब लागावी म्हणून. मे महिन्यात ती चूल झाकतात आणि सुटी शेगडी येते, तीही पाहुण्यांपासून लांब. कडाक्याच्या थंडीत वाडगा उभट, म्हणजे वाफ आत राहते. उन्हाळ्यात पसरट आणि उथळ, म्हणजे चहा लवकर निवतो. कधी भर उन्हाळ्यात पाण्याच्या भांड्यावर झाकणाऐवजी ओलं हिरवं पान ठेवतात. त्यावरचे थेंब पाहूनच पाहुण्याला गार वाटावं, ही अपेक्षा. कोनाड्यात लिखाणाची एक गुंडाळी आणि रानातून आणल्यासारखं एखादं फूल. रिक्यूची एक कथा सांगतात. त्याच्या बागेतल्या फुललेल्या नीलपुष्पी वेली पाहायला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी आला, तर बागेत एकही फूल नाही. चिडून चहाच्या खोलीत शिरला, तर तिथे त्या वेलीचं एकच फूल ठेवलेलं.

या कथेत फरक स्पष्ट दिसतो. जपानी यजमान हंगामातलं बहुतेक सगळं बाजूला सारतो आणि एक खूण निवडतो. निवड त्याच्या रसिकतेची, आणि पाहुण्याने ती ओळखावी यात मजा. आपल्या सुगडात निवड नाही, भर आहे. जे जे रानात आलं ते ते थोडं थोडं घालायचं आणि मडकं काठोकाठ भरायचं. तिथे ‘एवढंच’ म्हणण्यात गोडी, इथे ‘काही राहिलं तर नाही ना?’ अशी काळजी.

तरी मुळाशी दोन्हीकडे शेतीच आहे. मे महिन्यात खुडलेली चहाची पानं तिकडे एका मोठ्या मातीच्या बरणीत मोहोरबंद करून ठेवतात आणि नोव्हेंबरमध्ये मोहोर फोडतात. चहावाल्यांचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. चुलीचा बदलही त्याच महिन्यातला.

करंडा, तबक, गुलाबदाणी

सुगड हे हळदीकुंकवाचं एक भांडं. बाकीचा सरंजाम धातूचा. हळदीकुंकवाचा करंडा किंवा आंब्याच्या आकाराची कोयरी, अत्तरदाणी, लांब मानेची गुलाबदाणी, ओटीचं तबक. क्रम ठरलेला आहे आणि तो कुणी लिहून ठेवलेला नाही. आधी हळद, मग कुंकू. हाताच्या पाठीला अत्तराची काडी, अंगावर गुलाबपाण्याचे थेंब. गहू किंवा तांदळाने ओटी, हातावर तीळगूळ, शेवटी वाण. घेणारी बाई पदर पुढे करून ओटी घेते आणि निघताना देणारीला कुंकू लावते. यजमानीण आणि पाहुणी यांची अदलाबदल या एका बोटाने होते.

चैत्रात हाच सरंजाम दुसरं रूप घेतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. सुगडं गेलेली असतात आणि त्यांच्या जागी कैरीची डाळ, पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे आलेले असतात. पौषात तीळ, चैत्रात पन्हं: अंगाला ऊब हवी तेव्हा ऊब आणि गारवा हवा तेव्हा गारवा. उभट आणि पसरट वाडग्याचा हिशेब इथे भांड्याने नाही, पदार्थाने केलेला आहे.

अर्थाचं म्हणाल तर भरलेला घट म्हणजे भरलेलं घर, भरलेली कूस, पिकलेली भूमी. आणि उतू जाणारं दूध म्हणजे पुरून उरणारी समृद्धी. जपानी चहाला सुसंवाद, आदर, शुद्धता आणि शांती अशी चार तत्त्वं सांगतात. ती शांती मरणाच्या सावलीत वाढली. रिक्यूच्या खोलीत येणारे सरदार उद्या लढाईवर जाणारे होते, आणि हिदेयोशीनेच १५९१ मध्ये रिक्यूला पोट चिरून घ्यायला लावलं. ही भेट पुन्हा होणार नाही, असं मानून चहा करावा, ही तिकडची शिकवण. आपलं मागणं अगदी उलट आहे: पुढच्या वर्षीही असंच यावं.

बुटकं दार आणि उंबरठा

चहाघराचं पाहुण्यांसाठीचं दार सुमारे ६५ सेंटिमीटर उंचीचं असतं. कितीही मोठा सरदार असला तरी तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर सरकत आत यावं लागतं. १५८७ मध्ये हिदेयोशीने क्योतोच्या कितानो देवळाच्या आवारात भरवलेल्या चहाच्या मेळ्याचं निमंत्रण शेतकऱ्यांनाही होतं. ज्याने त्याने आपलं भांडं घेऊन यावं. दहा दिवसांचा मेळा एकाच दिवसात आटोपला, हा भाग वेगळा. बराच काळ हा समारंभ मुख्यतः पुरुषांच्या हातात होता. अतोमी काकेई या बाईंनी १८७५ मध्ये तोक्योत मुलींची शाळा काढली आणि तिथे चहाचं शिक्षण दिलं. पुढे तो मुलींच्या शिक्षणात सगळीकडे गेला आणि आज शिकणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत.

हळदीकुंकू पहिल्यापासून बायकांचं, पण त्याचा उंबरठा सगळ्यांना सारखा नव्हता. जातीची पंगत वेगळी असायची आणि विधवेला तर दारही बंद. ही चौकट हलवली गेली ती पुण्यात. १८५२ च्या संक्रांतीला सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तीळगुळाचा समारंभ भरवला, कलेक्टरच्या पत्नी मिसेस जोन्स अध्यक्ष होत्या. कोणत्याही जातीच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदीकुंकू आणि तीळगूळ सर्वांना सारखंच मिळेल, हे निमंत्रणातच छापलं होतं. बुटक्या दाराने जे काम केलं, ते इथे एका जाजमाने केलं.

विधवांचा प्रश्न त्यानंतरही राहिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. तेव्हापासून विधवांनाही बोलावणारी हळदीकुंकवं गावोगावी होऊ लागली आहेत. सुगडाला त्याची अडचण नाही. भरलेला घट कोणत्या बाईच्या हातात द्यावा, हे मडकं ठरवत नाही.

जपायचं काय

शेवटचा फरक सगळ्यात मोठा. जपानमध्ये वाडगा राहतो. तो रेशमी कापडात, लाकडी पेटीत, पेटीवर मालकांची नावं लिहून पिढ्यान्‌पिढ्या जातो. फुटला तर लाखेने सांधून त्या भेगेवर सोन्याची पूड चढवतात आणि कधी कधी त्याची किंमत वाढतेच. आपलं सुगड राहण्यासाठी नसतंच. ते दिलं जातं, लहान पोरं त्यात चिंचोके भरतात, पावसाळ्याआधी फुटतं, उकिरड्यावर जाऊन पुन्हा माती होतं. पुढच्या संक्रांतीला नवं आणायचं. जुनं सुगड पुजत नाहीत, म्हणून जुन्या सुगडांचा संग्रह कुणाच्या घरी मिळत नाही.

त्यामुळे परंपरा टिकवण्याचा हिशेबही वेगळा होतो. वस्तू जपली की कला जपली जाते, हे तिकडे खरं. राकूचा वाडगा काचेच्या कपाटात शंभर वर्षं न वापरता ठेवला तरी तो राकूच राहतो. सुगड कपाटात ठेवलं की ते सुगड राहत नाही. ते जगतं केवळ दर वर्षी नव्याने घडण्यात, म्हणजे कुंभाराच्या हातात. आणि त्याचे हात दुसरीकडे वळत आहेत. अनेक कुंभार वीटभट्टीवर गेले. वाणात मडक्याच्या जागी प्लास्टिकचे डबे आले. गंमत म्हणजे मातीच्या भांड्याला नवं गिऱ्हाईक चहानेच दिलं. काही वर्षांपूर्वी पुण्यात, शिरूरकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या खराडीत, तापवलेल्या कुल्हडात फसफसणारा तंदुरी चहा सुरू झाला आणि हायवेवर सगळीकडे पसरला. पण ते कुल्हड बहुधा साच्यातलं, एका आकाराचं; ते कुणी वाजवून घेत नाही.

म्हणून संक्रांतीच्या खरेदीत घासाघीस करताना एक लक्षात ठेवायला हवं. पाच सुगडांचे पैसे पाच मडक्यांचे नसतात. तुडवलेली माती, फिरतं चाक आणि पेटलेला आवा पुढच्या वर्षीही असावा, याची ती वर्गणी असते. जपान्यांनी वाडगा जपला. आपल्याला कुंभार जपावा लागेल, आणि त्याला जपण्याची एकच पद्धत आहे: त्याच्याकडून दर वर्षी घेणं.